शेवग्याचा कौल

राखीव रानात त्या दिवशी झाडांपेक्षा माणसं जास्त होती. सोलापुरातून टांगे भरभरून गिरणीवाले आले होते, बायका नारळ घेऊन ताटकळत होत्या, आणि मधोमध भंडाऱ्याने पिवळाधमक झालेला धुळाप्पा महाराज घुमत होता. मीही शेजारच्या काशम्मा मास्तरणीला घेऊन गेले होते. फुकटचा तमाशा कोण सोडतं?

चमत्कारही तसाच होता. पावसाळ्याच्या तोंडी महाराजाने शेवग्याच्या दोन दांड्या रोवल्या. ओढ्याकाठच्या खोलगटात रानाई देवीच्या नावाची, वर माळाच्या उतारावर मायाक्काच्या नावाची. देवीची हिरवीगार फुटली. मायाक्काची वाळून काटकी झाली.

मायाक्का म्हणजे माळाच्या कडेला झोपडी करून राहणारी धनगराची विधवा. तिच्या मेंढ्या त्याच उतारावर चरत. तिथे नुसतं कुसळी गवत आणि खुरटा तरवड; खाली ओढ्याकाठी मात्र करंज, बाभळी, जांभळींची दाटी. एकाच रानाची ही दोन रूपं का, हा प्रश्न गावाला कधी पडला नव्हता. महाराजाने तो पाडला आणि उत्तरही सोबतच आणलं.

"हिची नजर!" गर्दीत उभ्या मायाक्काकडे बोट करून तो गरजला. "ही जितं चालती, तितं झाड उभं ऱ्हात न्हाय! हिला गावाभाईर काढा. मेंढरं देवीपाशी सोडा."

"म्हंजे कुणापाशी, महाराज?" मी विचारलं.

"देवीपाशी! मी निस्ता सांभाळनार."

देवीला मटण चालतं हे मला ठाऊक होतं. जेवायला कोण बसतं, तेही.

पंच गुरुबसप्पांनी मान डोलावली. मायाक्काची शेजारीण बजाबाई म्हणाली, "दांडीनंच सांगितलं की! आनि काय पुरावा पायजे?"

"बजे, तुजी पोर माज्या हातावर जन्मली," मायाक्का म्हणाली. "तवा न्हाय लागली व्हय माजी नजर?"

बजाबाई नारळाची शेंडी कुरवाळत बसली.

तेवढ्यात काशम्मा उठली. "महाराज, दांड्यांची अदलाबदल करू या की. मायाक्काच्या नावाची ओढ्याकाठी, देवीच्या नावाची माळावर."

महाराजाचं घुमणं मधेच थांबलं. "देवीचा कौल दोनदा लागत न्हाय!"

"नसेल लागत. पहार तरी लागते का बघू."

बजाबाईचा नवरा रावजी पहार घेऊन उतारावर गेला. वीतभर जाते न जाते तोच खण्ण! मुरूम, आणि खाली सलग खडक. मग ओढ्याकाठी मारली, तर पहार मुठीपर्यंत आत. वर आली ती काळ्या ओल्या मातीने माखून. काशम्माने देवीच्या अभिषेकाची घागर उचलली आणि माळावर ओतली. पाणी थांबलंच नाही. धूळ पोटाशी घेऊन, गढूळ होऊन, खोलगटाकडे पळालं.

"ही बघा नजर," ती म्हणाली. "दर पावसाळ्यात अशीच माती खाली जाते. वर मूळ धरायला जागा नाही, ओल टिकत नाही. म्हणून तिथे गवत. खाली माती साठते, म्हणून तिथे झाडी. मायाक्काच्या पणजीच्या आधीपासून."

"आगं बया!" बजाबाई ओरडली. "मी बी शेवगा मोरीपाशीच लावलाय की!"

लावणारच! हे शहाणपण प्रत्येकीच्या परसात असतं. देवापुढे जाताना चपलांबरोबर आपण तेही बाहेर काढून ठेवतो.

रावजी महाराजाला न्याहाळत होता. "हा तर बार्शीकडं पानमळ्यात कामाला हुता! पानांचे येल चढवाया शेवगाच लावायचा. कुटं रुजतो नि कुटं वाळतो, ह्याला चांगलं ठावं हाय की!"

गर्दी वळून पाहीपर्यंत महाराज करंजांमागून पसार झाला.

गुरुबसप्पा खाकरले. "बरं. ऱ्हाऊ दे हिला गावात."

"ऱ्हाऊ दे?" मायाक्का म्हणाली. "म्या कुटं गेले हुते?" आणि मेंढ्यांना हाक मारून ती उतारावर चालू लागली. माफी कुणीच मागितली नाही.

बायांनो, जमिनीचे गुण माणसाच्या कपाळी मारू नका. कुणा एकटीला वेशीबाहेर काढायची घाई झाली, तर आधी हातभर खड्डा खणा. त्यात दगड लागला, तर तो दगडच असतो. तिचं पाप नसतं.