उरलेलं दुसऱ्या कॅसेटवर

मी एक जुनी, साठ मिनिटांची कॅसेट आहे. मित्रांनो, मला जरा हळू धरा. माझी फीत आता केसासारखी नाजूक झाली आहे आणि यंत्रात घालायचं नुसतं नाव काढलं तरी मला धडकी भरते. आहेच मी घाबरट. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही झाला असतात.

मी बनले कारखान्यात, पण माझ्यात जीव आला तो यॉर्कशरमधल्या एका खाणगावात, क्लाइव्हच्या खोलीत. क्लाइव्ह कोळशाच्या खाणीत कामाला होता आणि 'द डॅम्प वॉल्स', म्हणजे ओल धरलेल्या भिंती, या बँडवर त्याचा भारी जीव होता. पंक संगीताचा दंगा ओसरल्यावर पुढे आलेली ही चार पोरं. त्यांची गिटार करवतीसारखी वाजे, आणि गायक गातो आहे की घरमालकाकडे तक्रार करतो आहे, हे कळत नसे. त्यांची सुटीसुटी निघालेली गाणी एकत्र करून एक तबकडी आली. क्लाइव्हनं ती मित्राकडून मागून आणली आणि धाकट्या बहिणीसाठी, बेव्हर्लीसाठी, माझ्यात भरली.

पण तबकडी माझ्यापेक्षा दोन मिनिटांनी लांब निघाली. शेवटचं गाणं, क्लाइव्हच्या मते सगळ्यांत चांगलं, मध्येच तुटलं. गायक "थांब, मी अजून" एवढं म्हणतो आणि मी संपते. ही लाज मी जन्मभर वागवते आहे.

"नव्वदची आणली असतीस तर काय भिकेला लागला असतास?" बेव्हर्ली म्हणाली.

"रविवारी येतो," क्लाइव्ह म्हणाला. "उरलेलं दुसऱ्या कॅसेटवर घालून आणतो."

मग त्यानं माझ्या पाठीवरचे दोन चिमुकले दात मोडले. ते मोडले की आमच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मला हायसं वाटलं.

तो रविवार आलाच नाही. तेव्हा खाणकामगारांचा मोठा संप चालला होता. त्या शुक्रवारी क्लाइव्ह संप मोडून, दगडांच्या भीतीनं खिडक्यांना जाळ्या लावलेल्या बसमध्ये बसून कामावर गेला. त्याच्या घरात जाळायला कोळसा नव्हता आणि तान्ही मुलगी सारखी खोकत होती. खाणीच्या फाटकाशी ओरडणाऱ्या गर्दीत बेव्हर्ली होती, तिचा नवरा डगही होता. आमच्या गावात संपफोड्याला माफी नसते, सख्ख्या बहिणीकडूनही नाही.

त्याची गाणी या घरात नकोत, पुसून टाक, असं डगनं बजावलं. बेव्हर्लीनं माझ्या मोडलेल्या दातांच्या जागी चिकटपट्टी लावली. आता माझ्यावर काहीही भरता येणार होतं. तिनं मला यंत्रात घातलं आणि लाल बटणावर बोट ठेवलं. मित्रांनो, ती भीती मला सांगता येत नाही. डग सिगरेट ओढायला बाहेर गेला. बेव्हर्ली बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं मला काढून बिस्किटांच्या डब्यात टाकलं आणि पुसली म्हणून सांगितलं.

चिकटपट्टी मात्र तशीच राहिली. पुढची चाळीस वर्षं डब्याचं झाकण वाजलं की मला वाटे, आता आपलं काही खरं नाही. कधीमधी घरात कुणी नसताना बेव्हर्ली मला लावी. शेवटच्या गाण्याशी आले की मी तुटायच्या आधीच ती बटण दाबून मला थांबवी. तबकडी दुकानात मिळत होती, पण तिनं कधी घेतली नाही.

गेल्या वर्षी डग गेला. त्याला पोचवायला निघाले तेव्हा क्लाइव्ह रस्त्यापलीकडे टोपी काढून उभा होता. आणि गेल्या रविवारी दारावर थाप पडली.

"शेवटचं गाणं राहिलं होतं," क्लाइव्ह म्हणाला. त्याच्या हातात माझ्यासारखीच एक कॅसेट होती. चाळीस वर्षांपूर्वी, संपाच्या त्याच आठवड्यात भरलेली, आणि तेव्हापासून त्याच्या कपाटात पडलेली.

"डग असता तर तुला पायरी चढू दिली नसती."

"माहीत आहे."

"मीही दिली नसती," बेव्हर्ली म्हणाली. मग ती बाजूला झाली. "ये आत, दार लाव. घर गार पडतंय."

तिनं चहा ठेवला. मला डब्यातून काढून पेन्सिलीनं माझी ढिली फीत ताणून घेतली आणि यंत्रात घातलं. मी तुटले तर या दोघांना एका खोलीत बसवायला दुसरं काय आहे, या धास्तीनं मी फिरत होते. दोघं एकमेकांकडे न बघता ऐकत होते. या वेळी तिनं बटणाला हात लावला नाही. गायक "थांब, मी अजून" म्हणाला आणि मी खट्कन थांबले.

क्लाइव्हनं आपली कॅसेट पुढे केली. बेव्हर्लीनं मान हलवली. आज नको, म्हणाली. त्यानं काय समजायचं ते समजून टोपी उचलली.

"ती घेऊन जा," ती म्हणाली. "रविवारी परत घेऊन ये."

तो गेल्यावर तिनं नखानं माझी चिकटपट्टी खरवडून काढली.

मित्रांनो, आम्हाला उन्हात ठेवू नका, चुंबकाजवळ नेऊ नका. आणि कुणाला रविवारी येतो म्हणालात, तर जा. मला आता पुसलं जायची भीती नाही. पण क्लाइव्हच्या छातीत खाणीची धूळ आहे, चार पावलं चालला तरी त्याला दम लागतो, आणि त्याचा एक रविवार आधीच चुकलेला आहे. आज शनिवार आहे.