सटवाईच्या नावावर

सत्तावन्न सालच्या निवडणुकीची धामधूम होती आणि चाकणपलीकडच्या त्या वाडीत कांद्याची काढणी चालली होती. ज्योतीरामच्या वावरात बायका विळ्यानं पात कापत बसल्या होत्या. त्यांच्यात त्याची बायको शालनही होती, दिवस भरलेली. तिची आधीची तिन्ही बाळं जन्मल्यावर आठवड्याभरातच गेली होती. गावानं कारण केव्हाच ठरवून टाकलं होतं: सटवाईनं नेली, आणि सटवाई कोपली ती शालनच्या पायगुणानं. झालं, सुटलं गाव!

बांधावर तळेगावची कुसुमताई बसली होती. बाळंतपणाचं रीतसर शिकलेली, तोंडानं फटकळ. निवडणूक लागल्यापासून ती वाड्यावस्त्या पालथ्या घालत होती.

"बायांनो, सटवाईला कशाला बोल लावता? ज्या विळ्यानं पात कापता त्यानंच नाळ कापता, वर शेण थापता. त्यातून बाळाला धनुर्वात होतो. नानासाहेब मतं मागायला येतील, तेव्हा एकच मागा. वाडीला नर्सबाई द्या, नाहीतर मत नाही."

"आमाला शिकवाय आली!" शालनची सासू गोजाबाई उसळली. "निम्म्या वाडीच्या नाळा ह्या हातानं कापल्यात म्या."

"आणि त्यातली जगली किती?"

गोजाबाईनं ढेकूळ उचलून तिच्यावर भिरकावलं.

तेवढ्यात शालनला कळा सुरू झाल्या. बायकांनी तिला उचलून गोठ्यात नेलं. कुसुमताई मागून धावली, तर गोजाबाईनं तिला दारातूनच असं ढकललं की ती दगडावर आपटली आणि कपाळ फुटलं. आत मुलगा झाला. गोजाबाईनं विळा पदराला पुसला, नाळ कापली, वर ओलं शेण थापलं आणि नातवाची अलाबला घेतली. सगळं मायेनं, बरं का! हेच तर आपलं दुखणं आहे.

पाचवीला तोच विळा पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून पुजला. दुसऱ्या दिवशी बाळानं दूध सोडलं. जबडा मिटला तो उघडेना. कुणी हात लावला, दार वाजलं, तरी इवलंसं अंग कमानीसारखं उलटं ताणलं जाई. गोजाबाईनं चुलीत सळई तापवली आणि बेंबीभोवती डाग दिले. कातडी चरचरली. जबडा मिटलेला, त्या लेकराला रडताही येईना! शालन सासूच्या मनगटाला कडकडून चावली. "आयला चावतीस? पोरं खाऊन पोट भरलं न्हाई व्हय तुजं?" म्हणत ज्योतीरामनं बैलाचा चाबूक काढला आणि ओल्या बाळंतिणीला अंगणात फोडून काढलं. तिच्या ओरडण्यानं घरात बाळाला झटका आला. तोच शेवटचा.

बाळाला पुरून दोन दिवस होतात न होतात तोच नानासाहेब उमेदवार चावडीवर आले. हार झाले, फेटा झाला. "माताभगिनींनो, तुमचं दुःख मला ठाऊक आहे. मी निवडून आलो की सटवाईचं पक्कं देऊळ बांधून देतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणि बायकांच्या घोळक्यातून शालन उठली. एक डोळा सुजून मिटला होता.

"द्येऊळ नगं, सायेब. आमाला नर्सबाई द्या."

"ज्योतीराम, आवर तुझ्या बायकोला," कुणीतरी ओरडलं. त्यानं आवरलं. भर सभेत चाबकाचा पहिला फटका तिच्या पाठीवर बसला, दुसरा तोंडावर. ओठ फाटला. कुसुमताई मध्ये पडली, तर तिलाही दोघांनी फरफटत मागे नेलं. नानासाहेब घसा साफ करत म्हणाले, "हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे." शरम वाटायला हवी होती, नाही वाटली!

चाबूक पुन्हा उचलला गेला आणि मध्ये गोजाबाई आली. फटका तिच्या खांद्यावर बसला. ती हलली नाही.

"पोरं खानारीला मारतुयास न्हवं? मग मला मार. माज्या लेकीचं बाळंतपण देहूरोडच्या दवाखान्यात झालं, तिचं पोर अंगणात खेळतंय. हितं हिची चारी माज्या हातानं ग्येली. तुज्या पाठची माजी तीन बी माज्याच आयच्या हातानं ग्येली. ही बाई सांगत व्हती, म्या तिचं टाळकं फोडलं. मार की! हात का थांबला?"

ओवाळायला तबकं घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी ती एकेक करून जमिनीवर ठेवली आणि शालनला घेऊन त्या निघून गेल्या. नानासाहेब मागून घाईघाईनं ओरडले, "देतो, नर्सबाईही देतो!"

नानासाहेब निवडून आले. देवळाचा पाया खणून झाला. नर्सबाईचं विचाराधीन आहे म्हणतात. कुसुमताई आठवड्याच्या आठवड्याला त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते. हल्ली तिच्याशेजारी गोजाबाईही बसते. नोकर हुसकावतात, एकदा तर अंगावर कुत्रं सोडलं, तरी दोघी उठत नाहीत.

त्यांना घाई आहे. शालनला पुन्हा दिवस गेले आहेत.