अकरा पदांचा पसंतीक्रम

सरकारी नोकरीचा फॉर्म भरायला येणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल काहीही धड माहीत नसतं. जन्मतारीखसुद्धा आईला फोन लावून विचारतात. आठ वर्षं मी हे बघते आहे. आमच्या दुकानात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, फोटो काढताना मागे दिसावी म्हणून खिळ्याला अडकवलेली एक पांढरी चादर आणि मी. मालक गल्ल्यावर बसतात, आणि सर्व्हर बंद पडला की माझ्याकडे बघतात, जणू मीच लाथ मारून तो पाडला.

येणारे एकाहून एक. एम.ए. झालेला एक जण गुरांच्या दवाखान्यात मदतनिसाच्या जागेसाठी आला आणि हळूच विचारायला लागला, "ताई, यात प्रत्यक्ष गुरांना हात लावावा लागतो का?" दुसरा ड्रायव्हरच्या जागेसाठी आला. गाडी येते का म्हटलं, तर म्हणे निवड झाली की शिकून घेईन. यांच्या सह्या कधी चौकोनात मावत नाहीत, कारण अधिकारी झाल्यावर करायची सही यांनी आधीच बसवून ठेवलेली असते, खाली एक लांब रेघ आणि दोन टिंबं. दिसेल ती जाहिरात, दिसेल तो फॉर्म. एक ना धड भाराभर चिंध्या. मी त्यांना हसते, तोंडावर नाही, पण त्यांची पाठ पुरती वळेपर्यंत थांबतही नाही.

घरी मात्र याच्या अगदी उलटा नमुना होता, माझा थोरला भाऊ. गल्लीत त्याला सगळे 'साहेब' म्हणायचे. बारा वर्षं तो एकाच परीक्षेला बसत होता आणि त्या परीक्षेतल्या सगळ्यांत वरच्या पदाखेरीज दुसरं काही त्याला दिसत नव्हतं. ते पद म्हणजे गाडी, बंगला, दारावर शिपाई. कारकुनाच्या जागेची जाहिरात समोर धरली तर नाक असं मुरडायचा, जणू कुणी उष्टं ताट पुढे केलंय. आतली खोली त्याची. बाहेरच्या खोलीत आई, बाबा, मी आणि उरलेलं सगळं सामान. कुकरच्या शिट्टीने साहेबांचं चित्त विचलित होतं, म्हणून आई कुकर उचलून शेजारच्या काकूंच्या गॅसवर लावायला न्यायची. बारा वर्षं नेला तिने तो कुकर. बाबा छापखान्यात पुस्तकं बांधायचे, तिथून निवृत्त झाले होते. कुणी विचारलं की सांगायचे, "चिरंजीव तयारी करताहेत." मी काय करते ते कुणी विचारायचं नाही, त्यामुळे सांगायचा प्रश्नच नव्हता.

चार वर्षांपूर्वी मी बाबांना म्हणाले होते, मीही या परीक्षेला बसते. बाबा म्हणाले, "त्याचं एकदा होऊ दे, मग तुझं बघू. दोघंही पुस्तकं घेऊन बसलात तर घर चालायचं कसं?" घर माझ्या पगारावर आणि त्यांच्या पेन्शनवर चालत होतं, त्यामुळे बोलणं बिनतोड होतं. त्याचं काही होईना आणि माझं कुणी बघेना.

यंदा दादाला अडतीस लागलं. नियमाप्रमाणे ही शेवटची संधी, यानंतर वय बाद. आणि काय झालं कोण जाणे, बारा वर्षांत पहिल्यांदा तो लेखी परीक्षा पास झाला. मुलाखतही झाली. आता एकच पायरी उरली होती. अकरा पदांची यादी होती, त्यांच्यापुढे अकरा चौकोन, आणि कुठलं पद आधी हवं, कुठलं त्यानंतर, ते आकडे घालून कळवायचं. यालाच पसंतीक्रम म्हणतात. त्यावरून आणि गुणांवरून शेवटची यादी लागणार होती.

त्यासाठी तो दुकानात आला. स्वतः भरणं शक्यच नव्हतं, कारण फॉर्म भरणं हे त्याच्या मते कारकुनी काम. इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.

"वरच्या पदासमोर एक घाल. बाकीचे रिकामे ठेव."

"दहाच्या दहा?"

"दहाच्या दहा. खालची पदं मागितली की वरच्यांना कळतं, हा कशावरही समाधान मानेल. मग ते खालचंच हातात ठेवतात. एवढी साधी गोष्ट आहे."

हा समज मी शंभर तोंडांतून ऐकलाय आणि तो शुद्ध मूर्खपणा आहे. यादी यंत्र लावतं. यंत्राला कुणाच्या ऐटीचं काय पडलंय? फॉर्मच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलेलंच होतं, की ज्या पदाला क्रम दिलेला नाही, त्या पदासाठी उमेदवार इच्छुक नाही असे समजले जाईल. कुठल्याही अनोळखी माणसाला मी ही ओळ मोठ्याने वाचून दाखवते, आणि सगळे चौकोन भरल्याशिवाय त्याला खुर्चीवरून उठू देत नाही. दादाला वाचून दाखवली नाही. एक आकडा घातला, फॉर्म पाठवला, पावती त्याच्या हातात दिली. तो ऐटीत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी चिरत होते. आई कुकर घेऊन शेजारी गेलेली, बाबा फिरायला. दादा आतल्या खोलीतून आला आणि दारात घुटमळला.

"अगं, त्या फॉर्ममध्ये दुरुस्ती करता येते का?"

"परवा संध्याकाळपर्यंत येते. का?"

"काही नाही. म्हटलं, खालची चार-पाच पदं घालून ठेवावीत का? असंच. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं हे त्याने जन्मात पहिल्यांदा विचारलं होतं. उत्तर मला पाठ होतं. घाल, सगळी घाल, दोन मिनिटांचं काम आहे. तेवढं म्हणायचं होतं. मी म्हणाले, "घाल की. वजनमापे निरीक्षक हो. बाजारात हिंडून भाजीवाल्यांचे काटे तपास. आईने बारा वर्षं कुकर शेजारी नेला, तो त्यासाठीच."

तो कसनुसा हसला. "तसं नाही गं. सहज विचारलं."

"नाही नाही, सांग ना. उद्या दुकानात गेल्या गेल्या भरते. गल्लीतल्या लोकांना काय सांगायचं, तेवढं आजच ठरवून ठेव."

त्याचे कान लाल झाले. "राहू दे," म्हणाला, आत गेला आणि दार लोटून घेतलं.

मला मजा आली. खोटं कशाला बोलू? भाजी चिरून होईपर्यंत ती मजा टिकली. पुढचे दोन दिवस दुकानात इतरांच्या दुरुस्त्या करत होते, ते पान सारखं समोर उघडं होतं. दादाचा नंबर आणि पासवर्ड मला तोंडपाठ. पण त्याने नीट येऊन सांगावं, मी का आपणहून करू, असं मनाशी म्हणत राहिले, आणि परवाची संध्याकाळ होऊन गेली.

यादी लागली तीसुद्धा माझ्याच स्क्रीनवर. वरच्या पदाची निवड दादाच्या गुणांपेक्षा तीन गुण वरच संपली होती. खालच्या दहांपैकी सहा पदं त्याला मिळत होती. वजनमापे निरीक्षकाच्या जागेवर निवडलेला शेवटचा मुलगा तर त्याच्यापेक्षा तब्बल अकरा गुणांनी मागे होता. दादाच्या नावासमोर लिहिलं होतं, शिफारस नाही. मी यादी छापून घेतली आणि घरी नेली.

बाबांनी चष्मा लावला आणि पेन्सिल घेऊन एकेका ओळीवर खूण करत बसले. जन्मभर पानं लावलेला माणूस, त्यांच्या नजरेतून ओळ सुटत नाही. पेन्सिल एका जागी थांबली.

"हा मुलगा तुझ्यामागे आहे रे. अकरा गुणांनी. याला नोकरी लागली, मग तुला कशी नाही?"

दादा भिंतीला टेकून खाली बसला होता. "मी बाकीची पदं भरली नव्हती."

"का?"

"नको होती."

आई ओट्यापाशी उभी होती, तिथेच खाली बसली. बाबा माझ्याकडे वळले. "आणि तू? तुझ्या हाताखालून रोज पन्नास फॉर्म जातात. तू याला काही सांगितलं नाहीस?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्याआधी दादाच बोलला.

"तिने सांगितलं होतं. दुकानातही म्हणाली, नंतर घरीही म्हणाली. मीच ऐकलं नाही."

तो जमिनीकडे बघत होता. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. बारा वर्षांत मी त्याच्याबद्दल काय काय म्हटलं असेल, पण हा माणूस असं काही बोलेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आता बोल, असं मी स्वतःला सांगितलं. तो माझ्याकडे आला होता, विचारायला आला होता, मी त्याला टोमणे मारून परत पाठवला. एवढं एकच वाक्य होतं.

बाबांनी चष्मा काढला. "अक्कल या घरात एकटीलाच होती आणि तिलाच आम्ही मागे बसवलं," ते म्हणाले. "पोरी, तुझं वय बाद व्हायला अजून चार वर्षं आहेत. आतली खोली तू घे. उद्यापासून अभ्यासाला बस. घराचं हा बघेल."

आई डोळे पुसत माझ्याकडे बघत होती. सगळे माझ्याच बोलण्याची वाट बघत होते.

"किती वेळा सांगायचं बाबा," मी म्हणाले. "पालथ्या घड्यावर पाणी."

दादाने मान हलवली, खरं आहे अशा अर्थाने. मग तो उठला आणि आतल्या खोलीतून आपली पुस्तकं बाहेर आणून ठेवायला लागला.