तिसऱ्या मजल्यावरची हाक

"वरची बाजू कुठली, ते आधी सांगा," कागद उलटसुलट फिरवत पाटीमास्तर म्हणाले. "पेन्सिलीनं वर एक ठिपका द्या. ठिपक्याशिवाय मी यंत्राला हात लावत नाही."

समोर उभा असलेला बसचालक हसला. पहिल्या मजल्यावर तो नुकताच राहायला आला होता. स्वतःच्या लिपीत लिहून आणलेल्या आडनावाच्या डोक्यावर त्याने ठिपका दिला. "माझी बहीण सांगत होती, मास्तर. तिची पाटी म्हणे तुम्ही उलटी लावली होती."

"दीड महिना! दीड महिना ती बाई जाता-येता स्वतःच्या नावाला शीर्षासन करताना बघत होती, पण चकार शब्द काढला नाही. का, तर म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटेल!"

"ती तशीच आहे. भिडस्त."

"भीड तिची, आणि हसं माझं होतं."

हा संवाद चालला होता तो बाजारात सगळेच बोलतात त्या मोडक्यातोडक्या मिश्र भाषेत. दोघांनाही ती रस्त्यानेच शिकवली होती. बसचालकाची ही बहीण, शिवणकाम करणारी, तिसऱ्या मजल्यावर मास्तरांच्या दारासमोरच राहत असे.

तंत्रनिकेतनातून आरेखनाची पदविका घेऊन मास्तरांनी जिन्याखालच्या खोलीत कोरणीचे यंत्र बसवले, त्याला आता अडतीस वर्षे झाली होती. त्या वर्षी इमारतीच्या दारातल्या फळ्यावर अठ्ठेचाळीस पितळी पाट्या होत्या, आणि त्यांतल्या चव्वेचाळीस मास्तरांच्या लिपीत होत्या. आता दोन उरल्या होत्या. एक त्यांची स्वतःची. दुसरी तळमजल्यावरच्या दंतवैद्यांची, ज्यांच्या दाराला दोन वर्षांपासून कुलूप होते. कोणी कोणाला हाकलले नव्हते. मुले दुसऱ्या शहरांत गेली, म्हातारे त्यांच्यामागे गेले, आणि काही म्हातारे जिथे पाटी लागत नाही अशा ठिकाणी गेले. रिकाम्या झालेल्या घरांत दुरून आलेली माणसे राहू लागली. त्यांच्या बोलण्याचे सूर वेगळे, चेहऱ्यांची ठेवण वेगळी. प्रत्येक वेळी मास्तरांनीच जुने चार स्क्रू काढले आणि नवे चार पिळले. वाचता न येणारी ती अक्षरे ते भूमितीच्या आकृत्यांसारखी कोरत: हा कोन, ही कमान, ही लंबरेषा. कामात कसूर नव्हती. ती एक पाटी सोडली, तर.

साडेनऊला त्यांनी यंत्र सुरू केले. त्याची घरघर अशी, की शेजारी उभ्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसावेत. बसचालकाचे आडनाव लांबलचक होते. साडेबारापर्यंत वेळ लागला. कडा घासून, पाटी कापसाने पुसून मास्तर जेवायला वर निघाले.

एरवी दुसऱ्या मजल्यावर त्यांची पावले वाजली, की ताई दार उघडून उभी असे. मास्तरांची बायको गेल्यावर ही विधवा मोठी बहीण त्यांच्याकडे राहायला आली, त्याला अकरा वर्षे झाली होती. आज दार बंद होते. मास्तरांनी खिशातली किल्ली लावली.

ताई न्हाणीघराच्या दाराशी आडवी पडली होती. एक पाय भलत्याच दिशेला वळला होता.

"आलास?" तिचा घसा पार बसला होता. "जेवण झाकून ठेवलंय."

"उठू नकोस, ताई. हलू नकोस."

"उठता आलं असतं तर सकाळीच उठले असते की, शहाण्या."

मास्तरांच्या ओरडण्याने समोरचे दार उघडले. शिवणकाम करणारी आत आली आणि पाहताच तिने तोंडावर हात दाबला.

"मी ऐकत होते, मास्तर," ती म्हणाली. "सकाळपासून ऐकत होते. 'बारक्या, बारक्या' म्हणत होत्या त्या. मला वाटलं, फोनवर बोलतायत. नाहीतर देवाचं काहीतरी म्हणतायत. मी मशीन थांबवून ऐकलंसुद्धा. मग परत सुरू केलं."

"कधीपासून?"

"समोरच्या शाळेची घंटा झाली, तेव्हापासून."

म्हणजे पावणेदहा. मास्तरांचे डोके अशा वेळीही सवयीने वजाबाकी करून मोकळे झाले: पावणेतीन तास. बारक्या म्हणजे ते स्वतः. वय वर्षे एकाहत्तर, उंची सहा फूट. या नावाने त्यांना हाक मारणारे या शहरात ताईखेरीज कोणी उरले नव्हते. आणि ती हाक तीन मजले उतरून त्यांच्या दारापर्यंत आली असलीच, तर यंत्राच्या घरघरीत विरली होती.

खुब्यात सळई बसवून ताईला तीन आठवड्यांनी घरी आणले, त्याच दिवशी भाचा येऊन दाखल झाला. तो दूरच्या शहरात नोकरीला होता. येतानाच आईचे तिकीट काढून आला होता.

"मामा, तुम्हीही चला. तिथं अजून आपल्यातली पुष्कळ माणसं आहेत. वाण्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे आपलीच भाषा बोलतात. आई ओरडली तर दहा जण धावून येतील. इथं काय आहे तुमचं?"

"इथं मला येणारं काम आहे," मास्तर म्हणाले.

भाचा गाडीची चौकशी करायला खाली गेला. त्याची पावले विरेपर्यंत ताई थांबली.

"हा मला विचारतच नाहीये. गाठोडं उचलावं तसं उचलून न्यायला आलाय. तू सांग. तू राहा म्हणालास तर मी राहते. हट्ट करीन, अन्न सोडीन. मला येतं ते सगळं."

"ते येतं, हे माहितीये मला. लहानपणी माझा भोवरा तसाच घेतलास."

"विषय बदलू नकोस."

मास्तरांच्या खिशात घडी केलेला एक कागद होता. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी तो प्रमाण धरून काढला होता: ताईच्या उशाशी विजेचे बटण, तीन मजले उतरणारी तार, आणि यंत्रासमोरच्या भिंतीवर लाल दिवा. घंटा नको, कारण घंटा ऐकू येणार नाही, दिवा दिसेल. आराखड्यात कुठे चूक नव्हती. "राहा" म्हणण्यासाठीच त्यांनी तो काढला होता.

हात खिशाकडे गेलाही. मग त्यांच्या मनात आले, की सकाळी ते खाली उतरले, की पुन्हा वर येईपर्यंत ताई गेल्या कित्येक वर्षांत कोणाशी दोन वाक्येही बोललेली नाही. खिडकीशी बसायचे, खालून जाणाऱ्यांचे बोलणे ऐकायचे, आणि त्यातले काही कळायचे नाही. दिवा लागला असता. पण दिव्याशी ती काय बोलणार होती? हा आराखडा ताईसाठी नव्हताच. संध्याकाळी दार उघडणारे कोणी असावे, म्हणून त्यांनी तो स्वतःसाठी काढला होता.

"जा तू," मास्तर म्हणाले.

ताईने पांघरुणाची कड सरळ केली.

"बरं," ती म्हणाली. लगेच तिने विचारले, "मग तुला बारक्या कोण म्हणणार?"

"म्हणायला मी काय आता लहान आहे?"

"लहानच आहेस." आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईला खुर्चीत बसवून खाली नेले. बसचालक, शिवणकाम करणारीचा नवरा आणि चौथ्या मजल्यावरचे दोन गवंडी भाऊ, असे चौघे खुर्चीला लागले. प्रत्येक वळणावर ते आपापल्या भाषेत एकमेकांवर खेकसत होते, आणि ताई आपल्या भाषेत चौघांनाही सूचना देत होती. कोणाचे कोणाला कळत नव्हते, तरी खुर्ची कुठे आपटली नाही. गाडीत बसल्यावर ती मास्तरांना म्हणाली, "न्हाणीघरात पाय जपून टाक," आणि काच वर केली.

मास्तर वर आले, तेव्हा शिवणकाम करणारी त्यांच्या दारात कागद-पेन्सिल घेऊन उभी होती.

"एक विचारायचं होतं, मास्तर. रागावू नका. तुम्ही पडलात तर काय म्हणाल?"

"म्हणजे?"

"ओरडाल ना? तर काय ओरडाल? मी लिहून घेते. घरात सगळ्यांना शिकवून ठेवते."

मास्तरांनी मिश्र भाषेतला मदतीचा शब्द सांगितला. तिने मान हलवली.

"तो नाही यायचा. मी इथं बाळंत झाले ना, तेव्हा इथला एक शब्द आठवला नाही मला. नर्स विचारतेय, विचारतेय, आणि मी आपली आईला हाका मारतेय. आई कुठं, मी कुठं!"

मास्तरांनी प्रश्नाचा रीतसर विचार केला. ओली फरशी. निसटलेला हात. डोके आपटण्याआधीचा तो अर्धा क्षण. त्या क्षणी तोंडातून काय निघेल?

"ताई," ते म्हणाले.

"म्हणजे वाचवा?"

"नाही. म्हणजे माझी बहीण."

"पण त्या तर आत्ताच..."

"हो. पण तोंडात तेच येईल."

तिने वाद घातला नाही. कागद चौकटीवर दाबून धरला, आपल्या लिपीत तो शब्द लिहिला आणि ती आत गेली. दार उघडेच राहिले. आत थोरली मुलगी चालवत असलेले शिवणयंत्र थांबले. पहिल्यांदा नवऱ्याने शब्द म्हटला, अवघडल्यासारखा. मग दोन्ही मुलींनी. धाकटीने तो रबरासारखा ताणला, तेव्हा तिला आईची टपली बसली. मग म्हाताऱ्या सासूची पाळी आली. तिला दात नव्हते. एकदा चुकले, दुसऱ्यांदाही चुकले. मास्तर आपल्या उंबऱ्यावर उभे राहून वाट पाहत होते. तिसऱ्यांदा तिने तो सावकाश, नीट म्हटला.

"बरोबर," मास्तर मोठ्याने म्हणाले, आणि त्यांनी दार लोटून घेतले.