पत्त्याचा रकाना

बापूराव हवालदारांच्या अक्षराचा मला राग नव्हता. राग होता तो त्यांच्या अर्धवट नोंदींचा. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेली बाई तक्रार द्यायला बसली, की पत्त्याच्या रकान्यात यांचं ठरलेलं: ‘सध्या नातेवाइकांकडे.’ कोण नातेवाईक, कुठली पेठ, घर नंबर किती, काही म्हणजे काही नाही. पंधरा वर्षांची रजिस्टरं अशीच भरलेली. मी एकदा विचारलं, "अहो हवालदार, या सगळ्या बायकांचे नातेवाईक एकच आहेत का?" त्यावर ते नुसते हसले आणि तंबाखू मळत बसले.

मी श्यामला, पोलीस नाईक. पेठांमधल्या एका ठाण्यात तेव्हा तक्रारी लिहून घ्यायच्या टेबलाशी बसायचे. दोन हजार चार साली आमच्याकडे संगणक आला आणि अख्ख्या ठाण्यात तो चालवता येणारी मी एकटी. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "नोंद कशी असते ते आता श्यामलाबाई दाखवतील." झालं. माझे पाय जमिनीवर राहीनात.

नव्या प्रोग्राममध्ये ज्या रकान्यापुढे लाल चांदणी, तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. तक्रारदाराचं नाव, लाल चांदणी. सध्याचा राहण्याचा पत्ता, घर नंबर आणि पिनकोडसकट, लाल चांदणी. फोन नंबरपुढे मात्र चांदणी नव्हती. वादाचं कारण आपण लिहायचं नाही, यादीतून निवडायचं: जमीन, पाणी, वाहन लावणे, उसनवार, घरगुती किरकोळ. मारणारा कोण, नवरा की शेजारी, हे विचारणारा रकानाच नव्हता. मला तेव्हा ते खटकलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

शर्मिला आली ती सोमवारी सकाळी. मूळची वर्ध्याची, वय अठ्ठावीस, कडेवर चार वर्षांची सृष्टी. नवरा सुदर्शन हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत, नारायण पेठेत भाड्याचा ब्लॉक. तिने डाव्या हाताची बाही वर केली. मनगटापासून वर इस्त्रीचा डाग होता, इस्त्रीच्या टोकासकट. पंधरा दिवसांपूर्वीचा. त्याच दिवशी ती पोरीला घेऊन बाहेर पडली होती.

"मला त्यांना आत टाकायचं नाही, मॅडम," ती म्हणाली. "फक्त लिहिलेलं पाहिजे. उद्या त्यांनी कोर्टात पोरगी मागितली, तर माझ्याजवळ कागद पाहिजे. मला म्हणतात, तू जा कुठे जायचं तिथे, सृष्टी माझ्याकडेच राहील."

माझं घोडं अडलं ते पत्त्यावर. ती सांगेना. "नारायण पेठेतला टाका ना," म्हणाली.

"तिथे राहता का तुम्ही आता? नाही ना? मग मी खोटं कसं लिहू?"

"माहेरी दोनदा जाऊन आले ते. बहिणीकडे जाऊन आले. ही एकच जागा त्यांना माहीत नाही." तिची नजर माझ्या बोटांवर होती. "तुम्ही लिहून राहिल्या का?"

"इथलं इथेच राहतं," मी म्हणाले. "पोलिसांचं रेकॉर्ड म्हणजे काय वर्तमानपत्र आहे?"

शेजारून बापूराव म्हणाले, "बाई, राहू द्या की. नातेवाइकांकडे लिहा."

"तुम्हीच लिहून बघा," मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "तुमच्या नातेवाइकांचा पिनकोड काय?"

ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, जिरली. शर्मिलाने पोरीच्या केसांतून हात फिरवत हळूहळू पत्ता सांगितला. कात्रज, राधा नावाच्या मैत्रिणीची खोली, इमारतीचं नाव, दुसरा मजला. कारणांच्या यादीत इस्त्री नव्हती, म्हणून ‘घरगुती किरकोळ’ निवडलं. नोंद हिरवी झाली. लाल चांदणीचा एकही रकाना रिकामा नाही. मला फार बरं वाटलं.

अशा तक्रारीत नवऱ्याला ठाण्यात बोलावून समजपत्र देतात. पूर्वी ते बापूराव हाताने लिहायचे, चार ओळी: पुन्हा असे वर्तन करू नये. आता ते प्रोग्राममधूनच निघे. मी बटण दाबलं, दोन प्रती आल्या, सही-शिक्का मारून ठेवल्या. वाचल्या नाहीत. मीच भरलेलं मी परत काय वाचायचं?

सुदर्शनला फोन करून बोलावलं. गुरुवारी अकराला आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड, बोलणं अगदी हळू. मी त्याला अर्धा तास झाडला. एवढं शिकलात ते बायकोला चटके द्यायला का, असं सगळं बोलले. तो मान खाली घालून ‘हो मॅडम, चुकलंच मॅडम’ करत होता. मी समजपत्र पुढे केलं, ठाण्याच्या प्रतीवर सही घेतली. त्याची प्रत त्याने दोनदा वाचली, सावकाश. मला वाटलं, लाज वाटतेय.

"हे मला ठेवता येईल?"

"ठेवा की. तुमचंच आहे. फ्रेम करून लावा."

तो हसला. कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. "थँक यू मॅडम. तुमची फार मदत झाली."

माझं बोलणं लागलं असं समजून मी चहा मागवला. बापूरावांनी फाइलला लावायला ठाण्याची प्रत उचलली. वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मग माझ्यासमोर ठेवून एका ओळीवर बोट टेकवलं. ‘तक्रारदाराचा सध्याचा राहण्याचा पत्ता.’ पुढे कात्रज, इमारत, दुसरा मजला, घर नंबर, पिनकोड. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.

"म्हणून मी लिहीत नव्हतो, बाई," ते म्हणाले. "एकोणनव्वद साली एकीचा लिहिला होता."

तिचं पुढे काय झालं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. चहा तसाच ठेवून मी फोन पुढे ओढला.

शर्मिलाचा फोन नंबर मी घेतलेलाच नव्हता. कात्रजच्या बाजूच्या ठाण्याला फोन लावला. तिकडचे अंमलदार म्हणाले, "काही घडलंय का?"

"अजून नाही."

"मग काय लिहून गाडी पाठवू, ताई?"

खरंच की, काय लिहिणार? मी त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. बापूरावांना मागे बसवून माझी स्कूटी काढली. स्वारगेट, सातारा रस्ता, प्रत्येक सिग्नल लाल. तो निघून अर्धा तास झाला होता. बालाजीनगरपाशी बापूराव मागून म्हणाले, "तो ऑफिसला गेला असेल." आमच्या दोघांचाही त्यावर विश्वास नव्हता.

खोलीचं दार सताड उघडं होतं. राधा कामावर गेलेली. सुदर्शन खाटेवर बसला होता, मांडीवर सृष्टी, तिच्या हातात बिस्किटाचा पुडा. त्याचा एक हात पोरीच्या मानेवर होता, नुसता ठेवलेला. शर्मिला खाली बसून पिशवी भरत होती.

"या मॅडम," तो म्हणाला. "आमचं मिटलं."

"शर्मिला, पोरीला घे आणि माझ्याबरोबर खाली चल."

ती हलली नाही. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, ती त्या हाताकडे बघत होती.

"विचारा ना तिला," सुदर्शन म्हणाला.

"माझी तक्रार नाही," शर्मिला म्हणाली. "मी घरी चालले."

बापूराव पुढे झाले. "साहेब, लेकराला जरा माझ्याकडे द्या."

"कुठल्या कलमाखाली, काका? बाप आहे मी तिचा." आवाज अजूनही हळूच. "मॅडम, तिचं काय ते लिहून घ्या, म्हणजे तुमचंही काम होईल."

मी काय करू शकत होते? बाप पोरीला बिस्कीट देत होता आणि बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. एवढंच दिसत होतं आणि एवढंच लिहिता आलं असतं. मी शर्मिलाला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर, जसंच्या तसं. शेवटी कागद काढला आणि लिहिलं: तक्रारदार स्वखुशीने पतीकडे नांदण्यास जात आहे. लिहिताना स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. तिने सही केली. पेन परत देताना अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "ही एकच जागा होती, मॅडम."

पोरीला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून तो निघाला. शर्मिला मागे बसली, पिशवी मांडीवर धरून. ती वळून बघेल म्हणून मी उभी राहिले. तिने बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नोंद बंद केली. तिथेही यादीच होती, त्यातलं ‘समेट’ निवडलं. महिनाअखेरच्या बैठकीत साहेब म्हणाले, घरगुती तक्रारींचा निपटारा शंभर टक्के. माझं नाव घेतलं. मी समजपत्रातून पत्ता काढून टाकावा म्हणून वर अर्ज केला, त्याला दीड वर्षांनी उत्तर आलं आणि पत्ता निघाला. तोवर किती समजपत्रं गेली, ते मोजायचं धाडस मला झालं नाही.

नारायण पेठेतला ब्लॉक त्यांनी आठवड्याभरातच सोडला होता. कंपनीतूनही तो गेला होता. राधाला एक फोन नाही, की वर्ध्याला एक पत्र नाही. पोरगी आता वीस-बावीसची असायला हवी.

आता सगळ्या ठाण्यांच्या नोंदी जोडल्या आहेत. रोज सकाळी कामाला बसले की मी आधी शर्मिलाचं नाव टाकते, मग सृष्टीचं. अकस्मात मृत्यूची यादीही बघते. माझ्याच हातची ती एक नोंद तेवढी येते, दुसरी काही नाही. शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी म्हणते, "मॅडम, काही नाही म्हणजे चांगलंच की." तिला काय सांगू? काहीही झालं, तरी शर्मिला आता पोलिसांकडे येणार नाही.