चौकटीत मावेल तेवढी

रविवार उजाडला की घरच्यांच्या व्हिडिओ कॉलसाठी तिचा नवरा आधी फोनचा स्टँड पुसायचा. मग सोफ्यावरची दुपटी, लंगोट, कालची उष्टी ताटं उचलून आत ढकलायचा आणि म्हणायचा, "वरचं तेवढं बदल ना. गाऊनवरच कुर्ता चढव, खालचं कोण बघतंय?"

कोणी बघत नव्हतंच. चौकटीत मावेल तेवढी सून सगळ्यांना पसंत होती. चौकटीखाली टाके ठणकत होते, पाय सुजले होते. आणि टबात पाणी भरलं की ती मागे सरायची. आपण बाळाला त्या पाण्यात सोडून देऊ, असं मनात यायचं आणि जाता जायचं नाही. बरेच दिवस ती त्याला नुसती ओल्या फडक्यानं पुसत होती. नवऱ्याच्या मागे लागली होती, मला डॉक्टरकडे ने. तो म्हणायचा, "तुला घरची आठवण येतेय. रविवारी बोल सगळ्यांशी, बरं वाटेल."

बोलायला आज चार खिडक्या होत्या. सासूबाई, नणंद, रोज पहाटे सुविचार पाठवणारे मामेसासरे, आणि कोपऱ्यात, व्याह्यांपुढे तोंड न उघडणारी तिची आई.

"तब्येत भरली हं सुनेची," मामा म्हणाले. "परदेश मानवला!"

"मानवेल नाही तर काय? सासू लांब, कटकट नाही," नणंद हसली. "मजा आहे बाई एकेकीची."

सासूबाई स्क्रीनला नाक लावून बाळ न्याहाळत होत्या. "मानेत मळ दिसतोय. नीट आंघोळ घालतेस ना गं? असं कर, आत्ताच घाल. मी सांगते तसं. फोन तिकडे ने रे."

नवरा उत्साहानं उठला. टबात पाणी सोडलं, फोन नेऊन समोर लावला. "चल, आई शिकवतेय."

बाळ कवटाळून ती दारातच उभी राहिली. "मी नाही घालणार."

"का गं?"

"मला माझीच भीती वाटते. पाण्यात सोडून देईन त्याला, असं वाटतं."

मग मामा खाकरले. "आवाज तुटतोय वाटतं. नेटवर्क."

"नेटवर्क छान आहे, मामा! सगळं ऐकू आलंय तुम्हाला."

"झोप झाली नाही तिची," नवरा घाईघाईनं हसला. "काहीही बोलतेय."

"असलं अभद्र बोलू नये," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही नाही का पोरं वाढवली?"

"वाढवलीत. तेव्हा बाळ हातातून घ्यायला कोणी होतं ना तुमच्याजवळ? मला बघायला गावभर माणसं, आणि उचलायला मी एकटी! टाक्यांसकट मी एकटी!"

"जावईबापू," कोपऱ्यातून आवाज आला. तिची आई होती. "बाळ घ्या तिच्याकडून."

"विहीणबाई, आम्ही बोलतोय ना—"

"तुम्ही बोला. त्यांनी बाळ घ्यावं."

नवऱ्यानं बाळ घेतलं, गरम पातेलं धरावं तसं. तिनं स्टँडवरून फोन ओढला. सासूबाई काहीतरी म्हणत होत्या. तिनं लाल बटण दाबलं आणि चौघंही विझली.

"आई रडेल ना माझी!"

"रडू दे. तिच्याजवळ माणसं आहेत."

दवाखान्याचा तातडीचा नंबर तिला पाठ होता. नवरा कामावर गेला की लावायची आणि पलीकडे वाजायच्या आत कापायची. आज तिनं वाजू दिला. बाईचा आवाज आला. तिथल्या भाषेत, व्याकरण गेलं खड्ड्यात म्हणत, ती बोलली, "मी आई आहे. बाळ बरं आहे. मी बरी नाही. त्याला माझ्या हातून काही होईल, असं वाटतं."

पलीकडची बाई घाबरली नाही. शांतपणे म्हणाली, "फोन केलात, चांगलं केलंत. लगेच या. आत्ता घरी कोणी आहे तुमच्याबरोबर?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात बाळाची मान कलंडत होती. पाणी टब भरून फरशीवर आलं होतं.

"नवरा आहे," ती म्हणाली. आणि फोन कानाला तसाच धरून मराठीत ओरडली, "मानेखाली हात घाल! नळ बंद कर आणि बूट चढव. तूच घेऊन यायचंयस त्याला."