वरचा भुगा

...अक्रोडाचा तुकडा केवढा असावा? अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून त्यानं तो खिडकीकडे नेला, उजेडात उलटासुलटा केला, आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं, कारण गेली अठ्ठावीस वर्षं तो दाढाच अशा धरत आला होता— चिमटीत, उजेडाकडे, एक डोळा बारीक करून. कवळ्या करणाऱ्याच्या हातात अक्रोड दिला तरी तो त्याची दाढच करणार. तुकडा जरा मोठाच होता. म्हणजे त्याच्यासाठी नव्हे, आईसाठी. पण फार बारीक केला तर त्याचं पीठ होईल, आणि पीठच खायचं तर एवढा खटाटोप कशाला, आठ महिने ती दुसरं काय खाते आहे— भिजवलेलं, कुस्करलेलं, गाळलेलं, चमच्यानं आत सारून गिळायचं. आज चावायचं होतं. आज रविवार, आई अकराला वाचनालयातून परतणार, तोवर भांडं ओव्हनमधून बाहेर यायला हवं, आणि मग... त्याच्या पोटात पुन्हा तसं झालं, शाळेत निकालाच्या दिवशी व्हायचं तसं. बावन्नाव्या वर्षी पोटात असं होणं शोभत नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि तुकड्याचे दोन केले.

परातीत ओट्स होते, कणीक होती, दालचिनीची पूड आणि नावाला साखर. मैदा नाही, रंग नाही, डबाबंद काही नाही. थंड लोण्याचे खडे त्यात टाकून तो ते बोटांनी चोळू लागला, आणि चोळता चोळता तिचा आवाज आला, चाळीस वर्षांपूर्वीचा, शिवणयंत्राच्या खडखडाटावरून ओरडून सांगितलेला— बोटांच्या टोकांनी रे, तळवा लावू नकोस, तळवा लावलास की झाला त्याचा गोळा! तिची बोटं बारा महिने थंड असायची. लोकांच्या मापाचे कपडे शिवणारी ती बाई आठवड्यातून एकदा, रविवारी, पाव तास यंत्र थांबवायची, बाजारातून आणलेल्या डागाळलेल्या सफरचंदांचे डाग काढायची, फोडी भांड्यात पसरायची आणि त्यावर हा भुगा. पुस्तकात त्याला क्रम्बल म्हणतात हे त्याला फार पुढे कळलं. घरात तो भुगाच. भांडं बाहेर आलं की वाटणी ठरलेली, वरचा कुरकुरीत थर त्याच्या आणि ताईच्या ताटलीत, खालची मऊ फळं आईच्या. मला खालचंच आवडतं, ती म्हणायची. ते त्याला स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं.

म्हणूनच त्यानं आज भुगा थोडाच घ्यायचा ठरवला होता. वरून एक पातळ पापुद्रा. कवळी घालून चावायला लागेल एवढाच, त्रास होईल इतका नाही.

कवळी. तो लोणी चोळत राहिला, पण बोटांत आता दुसरंच काही आलं. आठ महिन्यांपूर्वी आईचे उरलेसुरले दात काढले, तेव्हा तिची कवळी त्यानं स्वतः केली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रात्री जेवतानाही त्याच्या डोळ्यांसमोर तीच. प्रत्येक दात घासून, पुसून, ओळीत असा बसवला, की दाताच्या डॉक्टरांनी शेजारच्या खोलीतल्या माणसांना बोलावून दाखवला— बघा, याला म्हणतात काम. आणि आईनं ती तोंडात घातली, आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, ‘‘छान आहेत. कुणाचे आहेत?’’

झालं. काढली, डबीत ठेवली, डबी खिडकीच्या कट्ट्यावर. तेव्हापासून हसायची वेळ आली की तोंडावर हात, ताईचा फोन आला की ‘घसा बसलाय’. तो आठवडाभर तिच्याशी धड बोलला नव्हता. या गावात निम्मी म्हातारी माणसं माझे दात लावून हसतात, लग्नात फोटो काढून घेतात, शेंगदाणे खातात— आणि माझी सख्खी आई विचारते, कुणाचे आहेत! त्याला राग आला होता, खरा, नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेला राग. राग कसला, अपमानच. शेवटी हौस कुणाची होती? शाबासकी हवी होती मला. पन्नाशी उलटून गेली तरी हवीच होती.

तेवढ्यात फोन वाजला. ताई. हाताला लोणी, म्हणून त्यानं तो कोपरानं सुरू केला आणि ओट्याच्या कडेला टेकवून ठेवला.

‘‘काय करतोयस?’’

‘‘भुगा.’’

ताई खो खो हसली. ‘‘अरे, कुणी खायचा? तिला मऊ काहीतरी कर बाबा. उगाच तिच्यापुढे खडी घालू नकोस.’’

‘‘वर थोडाच घालतोय. तसंही तिला वरचं कुठे आवडतं?’’

‘‘कुणाला?’’

‘‘आईला. तिला खालचंच आवडतं ना.’’

‘‘अरे खुळ्या,’’ ताई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहानपणीचा झाला, त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या असलेल्या बहिणीचा, जिला सगळं आधीच माहीत असायचं. ‘‘तू खेळायला गेलास की ती भांडं घेऊन मोरीपाशी बसायची. कडेला चिकटलेला भुगा असायचा ना, तो नखानं खरवडून खरवडून खायची. डोळे मिटून. मी एकदा पाहिलं तर म्हणाली, भांडं घासायला सोपं जातं.’’

फोन कधी ठेवला ते त्याला कळलं नाही. परातीतल्या मूठभर भुग्याकडे तो पाहत राहिला. डोळे मिटून... मग त्यानं डबे काढले. ओट्सचा, कणकेचा, अक्रोडांचा. दुप्पट नव्हे, तिप्पट. लोण्याची सबंध वडी. हात भराभर चालायला लागले, ओट्यावर पीठ, शर्टावर पीठ, घड्याळ दहा वाजून पाच मिनिटं दाखवत होतं, आणि तो चक्क शीळ घालत होता. आई घरात असती तर म्हणाली असती, लग्नघर आहे का रे? हो, आहे! अक्रोड त्यानं आता मुद्दामच मोठे ठेवले.

सफरचंदांच्या जाड फोडी, मध्ये आलुबुखार, थोडा मध, लिंबू. फळांवर भुगा पसरताना त्याला दाबावासा वाटत होता, साच्यात प्लास्टर दाबतात तसा, पण त्यानं हात आवरला. प्लास्टर. त्याच्या कामाच्या जागी, फळीवर, तिसऱ्या रांगेत आईच्या मूळ दातांचा प्लास्टरचा साचा होता, जुने दात काढण्याआधी घेतलेला. आठ महिने तो त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्या साच्यात वरच्या पुढच्या दाताच्या कडेला एक बारीकशी खाच होती, आणि कवळी करताना त्यानं, शहाण्यानं, ती खाच मेणानं भरून काढली होती. दोष दिसला की भरायचा, वाकडं दिसलं की सरळ करायचं. हातच तसे झालेत, डोक्याला विचारत नाहीत.

ती खाच कशाची हे त्याला गेल्या महिन्यात कळलं. आई दाराशी बसून त्याच्या कोटाचं बटण लावत होती. शेवटचा टाका घातला, गाठ मारली, आणि सवयीनं दोरा तोंडाशी नेला... ओठ मिटले, हिरड्या मिटल्या, दोरा तसाच राहिला. ती क्षणभर थांबली. आपल्याला कुणी पाहिलं तर नाही ना, असं तिनं इकडेतिकडे पाहिलं, आणि मग हळूच कात्री घेतली. आतल्या खोलीतून त्यानं पाहिलं होतं. चाळीस वर्षं, दिवसाला शंभर दोरे, त्याच एका दातानं. हजारो माणसांचे कपडे त्या खाचेतून गेले होते, आणि मी तिथे मेण भरलं.

परवा, शुक्रवारी, त्यानं डबीसकट कवळी उचलली, कामावर नेली, साचा समोर ठेवला, त्यातलं मेण खरवडून काढलं आणि सर्वांत बारीक कानस घेतली. डॉक्टर मागून डोकावले. ‘‘अहो, वेड लागलंय का? चांगल्या कामाचं मातेरं करताय!’’ एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो एक दात बिघडवत होता, आणि कानशीच्या प्रत्येक फेरीला श्वास रोखून धरत होता. संध्याकाळी डबी परत कट्ट्यावर. आईनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

भांडं ओव्हनमध्ये गेलं. आता चाळीस मिनिटं.

ही चाळीस मिनिटं त्यानं कशी काढली ते त्याचं त्याला माहीत. परात धुतली. पुसली. पुन्हा धुतली. ओव्हनच्या काचेसमोर उकिडवा बसून पाहिलं, उठला, गुडघे वाजले, पुन्हा बसला. खाच अर्ध्या केसानं आत गेली असली तर? जिभेला अर्धा केस म्हणजे मैल. आणि तिनं डबी उघडलीच नाही तर? उघडून नुसती मिटली तर? मग काय, मग भुगा आपण एकट्यानं खायचा, आणि सोमवारी कामावर जायचं... पण तेवढ्यात भांड्याच्या कडेनं आलुबुखाराचा लाल रस फुटून वर आला, बुडबुडला, दालचिनीचा वास स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेला, आणि काळजीला काही जागाच उरली नाही. वर सोनेरी रंग चढत होता. एका कोपऱ्यात तर तो तपकिरी व्हायला आला. येऊ दे, त्यानं म्हटलं, येऊ दे!

अकराला सात मिनिटं असताना कडी वाजली.

आई दारात थांबली. हातात दोन पुस्तकं, खांद्यावर पिशवी. तिनं नाक वर करून वास घेतला आणि ओठ आत ओढूनच म्हणाली, ‘‘भुगा?’’

‘‘हो.’’

तिनं त्याच्या शर्टाकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं आणि आत गेली. पिशवी ठेवल्याचा आवाज. पलंग करकरला. मग काहीच नाही. तो हातात फडकं धरून उभा, कान सगळे त्या खोलीत... आणि मग एक अगदी बारीकसं टक्. डबीच्या झाकणाचं. हे झाकण त्यानं हजार वेळा उघडलं असेल, तो आवाज त्याला ओळखू येणार नाही तर कुणाला? मग नळ. मग पुन्हा बराच वेळ काही नाही, एवढा वेळ की त्यानं भांडं बाहेर काढलं, हाताला चटका बसला, आणि तो चटका त्याला कुणा दुसऱ्यालाच बसल्यासारखा वाटला.

ती येऊन टेबलापाशी बसली. तोंड मिटलेलं. कवळी आहे की नाही हे त्याला दहा पावलांवरून ओठांवरून कळतं, रस्त्यानं जाणाऱ्यांचंही कळतं. पण आज त्यानं तिकडे पाहिलंच नाही. ताटल्या मांडल्या, चमचे मांडले, उगाच ते सरळ केले.

‘‘बस आता,’’ आई म्हणाली. ‘‘सारखा काय फिरतोस?’’

सगळे ‘स’ स्वच्छ आले. तो बसला. आता न पाहणं शक्यच नव्हतं— वरचा ओठ भरलेला होता, आणि त्या ओठाच्या मागे काहीतरी हळूच हलत होतं. जीभ. एका जागी जात होती, थांबत होती, परत येत होती, पुन्हा तिथेच जात होती. कपाटात ठेवलेली वस्तू आहे ना जागेवर, हे माणूस पुन्हा पुन्हा उघडून पाहतो, तशी. तिनं खाचेबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याला एकाच वेळी ओरडावंसं आणि रडावंसं वाटत होतं, आणि त्यानं दोन्ही न करता भुगा वाढला. तिच्या ताटलीत तपकिरी कोपरा, सबंध.

वाफ निघत होती. तिनं चमचा घेतला. चमच्याच्या कडेनं वरचा थर अलगद सोडवला, अख्खाच्या अख्खा, तुटू न देता, आणि उचलून त्याच्या ताटलीत ठेवला.

‘‘तू घे वरचं,’’ ती म्हणाली. ‘‘मला खालचंच आवडतं.’’

तो त्या तुकड्याकडे पाहत राहिला. म्हणजे दात टोचतात? चावायची भीती वाटते? की खाच चुकली, अर्ध्या केसानं, आणि ती आता सांगत नाही, तेव्हाही सांगत नव्हती तशी? की यातलं काहीच नाही— हातच आपोआप गेला, चाळीस वर्षांच्या सवयीनं, दोरा तोंडाशी जातो तसा? अठ्ठावीस वर्षं लोकांची तोंडं वाचण्यात घालवली, आणि समोरच्या या एका तोंडावरून त्याला काही म्हणता काही वाचता येईना. विचारावं का? विचारलं तर ती सांगेलही काहीतरी. भांडं घासायला सोपं जातं, असं काहीतरी.

त्यानं चमचा घेतला. तिचा तुकडा उचलला, तिच्या ताटलीत परत ठेवला. मग आपल्या वाट्याचा थर सोडवला आणि तोही त्यावर ठेवला.

‘‘नको,’’ तो म्हणाला. ‘‘मला हल्ली खालचंच आवडतं.’’

वाक्य इतक्या सहज बाहेर आलं, की तोच दचकला. आईनं मान वर केली. बराच वेळ ती त्याच्याकडे पाहत राहिली, ओठामागे जीभ पुन्हा एकदा त्या जागेपाशी जाऊन थांबली, आणि तिनं चमचा उचलला.

तो खाली पाहू लागला. आवाज येईल का, कुर्र असा, याकडे त्याचे कान होते, आणि तरी सकाळपासून पोटात जे निकालाच्या दिवशीसारखं होत होतं, ते आता कुठे शोधून सापडेना. त्याच्या जागी काहीतरी मोठं, हलकं, फुगत चाललेलं होतं. त्यानं मऊ झालेल्या फळाचा घास तोंडात घातला. आंबट होता, गरम होता, जीभ पोळली. एवढं खोटं बोलताना इतका आनंद होतो, हे आईनं त्याला कधी सांगितलं नव्हतं.